राणीचे चाकर आणि रावळपिंडीचा चिखल

‘द जंगल बुक’ विकत घेणारे बहुतेक जण मोगलीच्या तीन गोष्टी वाचतात, मुंगसाची वाचतात आणि पुस्तक मिटतात. 1894 सालच्या या पुस्तकात एकूण सात गोष्टी आहेत. सातवी, ‘हर मॅजेस्टीज सर्व्हंट्स’, जंगलातली नाहीच, ती लष्करी छावणीतली आहे. वाघ नाही, शिकार नाही. पावसाळी रात्री तोफखान्याची खेचरं, घोडदळाचा घोडा, ओझ्याचा उंट, तोफेचे बैल आणि एक हत्ती आपापल्या कामावरून हुज्जत घालतात, एवढंच कथानक. मुलांसाठी पुस्तक आटोपशीर करायचं झालं की पहिली कात्री हिच्यावरच चालते. खोगीर, तंग, जू, मेख यांच्याशी ज्याचा संबंध आला आहे त्याला मात्र अख्ख्या पुस्तकात एवढा नेमका मजकूर दुसरीकडे सापडणार नाही. फसतो तो शेवट. तो का फसतो, हे जनावरांच्या कामातूनच कळतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. 1885 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन आणि अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमान यांची रावळपिंडीला भेट झाली. ‘द जंगल बुक’चे लेखक रुडयार्ड किपलिंग तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि लाहोरच्या वर्तमानपत्राचे बातमीदार म्हणून तिथे हजर होते. गोष्टीतली छावणी त्यावरच बेतली आहे. तीस हजार माणसं, हजारो जनावरं आणि महिनाभर न थांबलेला पाऊस. सालाचा हिशेब मात्र काटेकोर लावू नये. गोष्टीतला घोडा आपण मेलबर्न कप जिंकणाऱ्या कार्बाइनच्या नात्यातले असल्याची शेखी मिरवतो. कार्बाइनने तो कप 1890 मध्ये जिंकला, म्हणजे त्या भेटीनंतर पाच वर्षांनी. गोष्टीचं यात काही बिघडत नाही.

सुरुवातीलाच रात्री घोडे अगाडी-पिछाडीचे, म्हणजे पुढच्या-मागच्या पायांचे, दोर तोडून उधळतात, उंट सुटून तंबूंच्या दोरांवर धडपडतात. मुलांना ही गंमत वाटते, पण कारण सरळ आहे. जनावर धरून ठेवते ती मेख, दोर नव्हे. कोरड्या जमिनीत हातभर ठोकलेली मेख घोड्याच्या हिसक्याला दाद देत नाही. महिनाभर भिजलेल्या मातीत तीच मेख लोण्यातून सुरी निघावी तशी वर येते. त्यात ओला दोर आखडतो आणि आधीच ढिल्या मेखेला ताण देत राहतो. एक घोडा सुटला की पायात लोंबणाऱ्या दोराला आणि मेखेला घाबरून तो स्वतःच बुजतो आणि पुढची सगळी रांग उठवतो. अमिराबरोबर आलेल्या आठशे स्वारांच्या घोड्यांनी छावणी कधी पाहिलेलीच नव्हती, हा गोष्टीतला तपशीलही योग्य जागी आहे. शेजारचं जनावर उधळत असताना उभं राहायला घोड्याला शिकवावं लागतं.

उंटाचं चित्र जरा एकांगी आहे. तो रडका, भित्रा, स्वप्नाला घाबरून पळणारा असा रंगवला आहे आणि खेचर त्याला लाथा घालतं. पण चिखल ही उंटाची सर्वांत मोठी अडचण आहे, हे गोष्ट सांगत नाही. त्याचा पाय रुंद, मऊ गादीचा असतो. वाळूत तो रुतत नाही, पण निसरड्या चिकणमातीवर त्याला पकड मिळत नाही. मागचे पाय दोन बाजूंना फाकले की मांड्यांच्या आतले स्नायू फाटतात, आणि पाठीवर ओझं असताना असं झालं तर तो उंट बहुधा पुन्हा उठत नाही. लष्करी हिशेबाने उंटाचं ओझं साधारण पाच मण, म्हणजे 185 किलोच्या आसपास. ते तो नेतोही, पण त्याला रोज सहा ते आठ तास चरायला आणि नंतर निवांत रवंथ करायला वेळ लागतो. दिवसभर चालवून रात्री खुंट्याला बांधला तर समोर वैरण असूनही तो आठवड्याभरात खंगतो. 1878 ते 1880 च्या अफगाण युद्धात सपाटीवरचे उंट हजारोंनी मेले, ते मुख्यतः थंडी, जादा ओझं, अनोळखी झाडपाला आणि नवखे हाकणारे यांमुळे. त्याच काळात, 1880 मध्ये, डेरा इस्माइल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने घोड्या-उंटांच्या रक्तात सुर्रा रोगाचा परजीवी शोधला. इतकं असूनही उंटाचं एक काम गोष्टीत अचूक उतरलं आहे. उंटांना चौकोनात बसवायचं, ओझी आणि पालाणं, म्हणजे ओझ्याची खोगिरं, बाहेरच्या बाजूला रचायची आणि त्यांच्या पाठीवरून गोळीबार करायचा. इथे उंटाकडून शौर्याची अपेक्षाच नसते. त्याने उठायचं नाही, एवढंच. म्हणूनच बसलेल्या उंटाचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून बांधून टाकतात.

गोष्टीचा जीव आहे तो बिली या खेचरात. बिली एका पेचाच्या तोफेचा बुडाचा भाग वाहतो. ही तोफ कशी असते ते कळल्याशिवाय त्याची ऐट कळत नाही. डोंगरी लढाईसाठी 1879 च्या सुमारास सैन्यात आलेली ही अडीच इंची तोफ. अख्खी नळी एका खेचराला पेलणार नाही, म्हणून ती दोन तुकड्यांत घडवलेली आणि मधोमध पेच देऊन जोडायची. प्रत्येक तुकडा 90 किलोच्या आसपास. नळीचे दोन तुकडे, गाडा, चाकं आणि आस अशी पाच खेचरांवर तोफेची वाटणी. दारूगोळ्याची खेचरं वेगळी. गोळा जेमतेम सात पौंडाचा, सव्वातीन किलोचा. पण जिथे दुसरी कोणतीच तोफ पोचत नाही तिथे तो पुरेसा होतो.

साधं ओझ्याचं खेचर दोन मण, सुमारे 75 किलो वाहतं, तेही दोन्ही बाजूंना सारखं विभागून. तोफेचा तुकडा विभागता येत नाही. तो पाठीच्या मधोमध, उंचावर बसतो. ओझं जितकं वर तितका झोल जास्त. चढावर ते मागे सरकतं, म्हणून छातीवरून पट्टा हवा. उतारावर पुढे येतं, म्हणून शेपटीखालून दुमची हवी. निघताना पोटाखालचा तंग कितीही आवळला तरी अर्ध्या तासाच्या चालीनंतर तो ढिला पडतो, कारण बांधताना जनावर पोट फुगवून उभं असतं. तिथे थांबून पुन्हा आवळला नाही तर पहिल्या अवघड वळणावर पालाण फिरतं आणि खेचर दरीत जातं. पालाणाच्या गादीखाली एक चुणी राहिली तरी संध्याकाळपर्यंत पाठ सोलवटते आणि ते खेचर पुढचे कित्येक दिवस कामातून जातं.

हे सगळं बिलीच्या तोंडी एका वाक्यात आलं आहे. खेचर ठेचकाळतं असं तो मानायलाच तयार नाही. क्वचित पडलंच, तर दोष वाईट लादलेल्या पालाणाचा. कोणताही जुना लादणारा हेच म्हणेल. पुढचं त्याहून मोलाचं. डोंगराच्या धारेवर आकाशाला पाठ देऊन कधी उभं राहू नये, कारण खालून गोळी येते. माणसांना नेमकं काय हवं आहे हे उमगायला बिलीला तीन वर्षं लागली. शिक्षणाचा खरा काळ असा एका आकड्यात सांगणारी बालकथा विरळाच. तोफ जोडली जात असताना कोणी डोकं धरायला यावं अशी अपेक्षा न ठेवता अरुंद कड्यावर गप्प उभं राहायचं, हा त्याने कोवळ्या खेचराला दिलेला धडा तर थेट तालमीतलाच आहे.

खेचर हट्टी असतं हा समज बिली जाता जाता खोडून काढतो. त्याला पाय ठेवायची जागा पटली नाही तर ते थांबतं, इतकंच. वाटेची आठवण हा त्याचा दुसरा गुण. 1971 च्या युद्धात भारतीय लष्कराचं एक खेचर शत्रूच्या हाती सापडलं आणि त्यांनीच पाठीवर चढवलेली मशीनगन व दारूगोळा घेऊन आपल्या ठाण्यावर परत आलं. पुढे त्याला पेडोंगी हे नाव मिळालं. बिलीला त्यात फार नवल वाटलं नसतं.

घोड्याबद्दल थोडं. नवव्या लान्सर्स या घोडदळाच्या पलटणीचा हा घोडा आपल्या स्वाराचं, डिक कन्लिफचं, नाव पदवीसारखं मिरवतो. तो गोऱ्या पलटणीचा, म्हणजे सरकारी घोडा. आपल्याकडे बारगीर (सरकारी घोड्यावरचा स्वार) आणि शिलेदार (स्वतःचा घोडा आणणारा) हा फरक शिवकाळापासून माहीत आहे आणि हिंदी घोडदळाच्या कितीतरी पलटणी इंग्रजी अमलातही शिलेदारी पद्धतीनेच चालत होत्या. ज्याचा घोडा त्याचं पोट, त्यामुळे शिलेदार घोडा जपून वापरतो. या घोड्याचा एक प्रसंग मुलांच्या लक्षात राहतो. जमिनीवर पडलेल्या माणसावर पाय पडू नये म्हणून त्याने अंग ताणून उडी घेतली आणि त्याच माणसाने खालून सुरा चालवला. पुढच्या वेळी पाय ठेवीन, आणि जोरात ठेवीन, असं तो म्हणतो. घोडा आपणहून जिवंत देहावर पाय देणं टाळतो, हे खरं आहे. घोडदळाच्या शिक्षणाचा बराचसा भाग असा उपजत नकार मोडण्यातच जातो.

आता बैल. जड तोफेला वीस जोड्या, म्हणजे चाळीस बैल. आकडा फुगवलेला वाटेल, पण चाळीस बैलांची ओढ एका बैलाच्या चाळीसपट नसते. पुढची जोडी निघते तेव्हा मागच्या जोड्यांचे साखळदंड अजून ढिलेच असतात. एका क्षणी सगळ्यांनी ओढावं म्हणून सगळे गाडीवान एकच आरोळी ठोकतात. गोष्टीतले बैल हीच आरोळी पुन्हा पुन्हा देतात, आणि वाचणाऱ्याने ती मोठ्यांदा द्यावी. लांब जोताला वळण सोसत नाही. पुढच्या जोड्या वळल्या की ओढ तिरकी होते आणि तोफ रस्त्यावरून आतल्या बाजूला ओढली जाते. म्हणून बैल सांगतात की आम्ही सपाटीवरून सरळ जातो, मांजरासारखे चढत नाही. त्यांच्या बोलण्यातला जडपणा हा विनोद नाही, ती त्यांच्या कामाची अट आहे. कडक रस्त्यावर खूर झिजू नये म्हणून पत्री मारायची तर दुभंगलेल्या खुराला दोन, म्हणजे बैलामागे आठ आणि एका तोफेमागे तीनशे वीस. खांदा सुजलेला एक बैल काढला की त्याचा जोडीदारही रिकामा बसतो, कारण परक्या जोडीदाराशी बैल लगेच जुळत नाही.

बैलांची जोडी छावणीत घुसते तीच जुवाला जुंपलेली.  आसपास गोरा माणूस आहे, म्हणजे गोमांस खाणारा, हे कळताच ते भेदरून पळू लागतात, जू दारूगोळ्याच्या गाडीच्या दांड्यात अडकतं आणि शेवटी जू मोडून ते निघतात. हत्ती बिचकतो तिथेही निवांत चरणारे हे बैल स्वयंपाकघराच्या विचाराने सैरावैरा होतात. हसू येतं, पण लेखकाने यात धर्म, भूक आणि सत्ता एका जुवाला जुंपली आहे.

हत्तीवर गोष्ट फिरते. तोफ ओढायला हत्ती उत्तम. दोन हत्ती एकामागे एक जोडून चाळीस पौंडी तोफा नेल्या जात, तिथे बैलांचा तांडा लागे. पण तोफेच्या माऱ्यात हत्ती उभा राहत नाही. मग हत्ती सोडायचे, बैल जुंपायचे आणि शेवटचा टप्पा बैलांनी ओढायचा, ही त्या काळची वहिवाटच होती. बाकीची जनावरं हत्तीला भित्रा म्हणतात. त्यावर हत्तीचं उत्तर असं की तोफगोळा फुटल्यावर काय होईल ते मला डोक्याच्या आत दिसतं, बैलांना दिसत नाही. हत्तीला आपली कातडी इतरांपेक्षा जास्त प्यारी आहे असं नाही, पुढचं ओळखण्याची अक्कल त्याला जास्त आहे. आणि हाच हत्ती लेखकाच्या छोट्या टेरिअर कुत्रीच्या भुंकण्याने गर्भगळीत होतो. तेही चुकीचं नाही. पायांत घुटमळणारी, दिसत नसलेली, आवाज करणारी छोटी वस्तू हत्तीला अस्वस्थ करते, हे कोणताही माहूत सांगेल.

आता शेवट. दुसऱ्या दिवशी दुपारी संचलन होतं, जनावरं आणि माणसं ओळीने जातात. अमिराच्या बरोबरचा एक सरदार विचारतो, हे कसं जमलं? देशी अधिकारी सांगतो: खेचर, घोडा, हत्ती, बैल आपल्या हाकणाऱ्याचं ऐकतात, हाकणारा सार्जंटचं, सार्जंट लेफ्टनंटचं, असं करत जनरल व्हाइसरॉयचं आणि व्हाइसरॉय महाराणीचा नोकर. सरदार म्हणतो, आमच्याकडे असं असतं तर! अधिकारी बजावतो, म्हणूनच तुमच्या अमिराला इथे हुकूम घ्यायला यावं लागतं.

शिडीसारखी ही रचना ऐकायला छान वाटते. पण काही पानांपूर्वी आपण ऐकलं आहे की ऐन माऱ्यात हत्ती माहुताचं ऐकत नाही, आणि ऐकत नाही म्हणूनच बैल ठेवावे लागतात. उंट हुकुमाने बसत नाही, त्याचा गुडघा बांधलेला असतो. बैलांना तर तोफा चालू असताना चरायला मिळतं, म्हणून ते थांबतात. कोणी मेलं तर राहिलेल्यांना चारा जास्त, असं ते स्वतःच सांगतात. घोडा आपल्या डिकचं ऐकतो, महाराणीचं नाही. म्हणजे लेखकातल्या बारकाईने पाहणाऱ्या बातमीदाराने जे दाखवलं, ते त्याच्यातल्या साम्राज्याच्या चाहत्याने शेवटच्या पानावर पुसलं. सैन्य चालतं ते आज्ञेच्या शिडीवर नव्हे, तर कोणतं जनावर कुठे नकार देईल हे ओळखून केलेल्या अदलाबदलीवर, असं हीच गोष्ट तपशिलाने सिद्ध करते आणि मग उलटंच सांगते. ज्या सारवान (उंट हाकणारे), गाडीवान, माहुतांना ही अदलाबदल तोंडपाठ होती, त्यांना बोलायला गोष्टीत फारशी जागा नाही, ही दुसरी उणीव.

तिसरी उणीव मृत्यूची, पण ती याच पुस्तकात भरून निघते. सहावी गोष्ट ‘तूमाय ऑफ द एलिफंट्स’ मुलं हत्तींच्या नाचासाठी वाचतात. तिची पहिली दोन पानं म्हणजे काला नाग या हत्तीचं सेवापुस्तकच. कपाळावर चामड्याची जाड गादी बांधून चिखलात रुतलेली तोफ ढकलणं, तेही 1842 च्या अफगाण युद्धाआधी. बाराशे पौंड, साडेपाचशे किलो तंबू पाठीवर. मग वाफेच्या यारीने उचलून जहाजात आणि ॲबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, मोहिमेवर. मग्दाल्यात सम्राट थिओडोर मरून पडलेला त्याने पाहिला आहे. दहा वर्षांनी खैबर खिंडीतल्या अली मशिदीजवळ सोबतचे हत्ती थंडीने, फेफऱ्याने, उपासमारीने आणि उन्हाने मेलेले पाहिले. त्यानंतर ब्रह्मदेशात मौलमीनला सागवानी ओंडके. हे कल्पित वाटेल, पण 1867-68 च्या त्या मोहिमेसाठी मुंबईहून 44 हत्ती खरोखरच तांबड्या समुद्रापार नेले होते, आणि मग्दाला एप्रिल 1868 मध्ये पडलं. त्यात दहा मिळवले की 1878, म्हणजे अली मशिदीची लढाई. सालं चोख जुळतात. यादीतलं मरणाचं एकही कारण शत्रूची गोळी नाही, हे लक्षात घ्या. रोज दीडशे किलो चारा आणि तितकंच लिटर पाणी लागणारं जनावर खैबरच्या थंडीत नेलं की असंच होतं. चाऱ्याविना पागा कशी संपते, हे पानिपताची आठवण असलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

तुलनेला 1877 सालची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही घोड्याची कादंबरी घ्या. तिच्यातला कॅप्टन हा म्हातारा घोडा क्रिमियाच्या युद्धात जाऊन आलेला आहे. पोटाखालून पट्टे घालून त्याला हवेत उचललं, जहाजाच्या कोंदट खणात उभं केलं, दिवसचे दिवस आभाळ दिसलं नाही, हे वर्णन कोरडं आणि खरं आहे. घोड्याला झोपून किंवा चालून अंग मोकळं करता आलं नाही की पाय सुजतात. शिवाय त्याला ओकारी होत नाही, त्यामुळे डोलत्या जहाजावर पोटदुखी जिवावर बेतते. लढाई कशासाठी होती असं विचारल्यावर कॅप्टन म्हणतो, ते घोड्याला कळण्यापलीकडचं आहे, पण एवढा समुद्र ओलांडून मारायला गेलो म्हणजे ती माणसं फारच वाईट असली पाहिजेत. कामाचे तपशील किपलिंगकडे सरस, शेवटाचा प्रामाणिकपणा इथे.

घेताना अनुक्रमणिका पाहावी. मोगलीपुरत्या संक्षिप्त पुस्तकात या दोन्ही गोष्टी नसतात. काही आवृत्त्यांत सातवी ‘सर्व्हंट्स ऑफ द क्वीन’ या नावाने येते, गोष्ट तीच. लेखक 1936 मध्ये वारले, त्यामुळे मूळ इंग्रजी मजकूर फुकट मिळतो आणि तो पूर्ण असतो. दहा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने जड जाईल. जवळ बसून वाचावी आणि वाचताना तोफेचे तुकडे कागदावर काढून दाखवावेत, म्हणजे बिलीची अर्धी वाक्यं आपोआप उलगडतात. आधी काला नागची दोन पानं, मग ही गोष्ट, हा क्रम बरा.

गोष्टीनंतर संचलनाचं गाणं आहे, ते गाळू नका. हत्ती, बैल, घोडे, खेचरं सगळ्यांचं एकेक कडवं आहे आणि प्रत्येकाचा ठेका त्याच्या चालीचा. उंटांचं कडवं मुलांना सर्वांत आवडतं. आम्हाला आमची अशी चालच नाही, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणून प्रत्येकाची लांब केसाळ मान हाच त्यांचा वाजवायचा कर्णा, आणि तो वाजवत, कुरकुरत, ओझं कुणाचं घसरलं यावरून भांडत ते जातात.